सासवडचा 'नवाकोरा' बंगला आणि माझा टेस्टर

जाहिरातीत 'संपूर्ण नूतनीकरण, राहायला तयार' असं होतं. हडपसरचा टू बीएचके पोराला देऊन आपण जमिनीवर राहू, असा हिचा वर्षभर घोशा चालू आहे. म्हणून रविवारी दिवे घाट चढलो.

तीन गुंठ्यांवरचा स्वतंत्र बंगला, 1989 चं बांधकाम, मागणी 85 लाख. जोतं घडीव दगडाचं, भिंती दीड विटेच्या. भर दुपारी आत शिरलो तर गार वाटलं. स्वयंपाकघरात काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, खाली ट्रॉल्या, मागच्या दारी धुण्याची मोरी. हिचा निकाल तिथेच लागला.

मी तीस वर्षं वायरिंगची कामं केली. "काका, सगळं नवीन आहे," एजंट म्हणत होता, तोवर मी मेन बंद करून गिझरच्या बोर्डाचे स्क्रू काढले. प्लेट पांढरीशुभ्र, मॉड्युलर. मागे मात्र जुनी ॲल्युमिनियमची वायर, तिला वीतभर तांब्याचा तुकडा पिळलेला आणि वर काळी टेप. असा नुसता पिळलेला जोड पुढे गंजतो, सैल होतो आणि तापतो. गिझरला मी 4 एमएमची तांब्याची अखंड वायर ओढतो, मध्ये जोड नाही. हिरवी, म्हणजे अर्थिंगची, वायर होती, पण ती बोर्डातच संपलेली. अर्थिंगचा खड्डा कुठाय विचारलं, तर एजंटनं नव्या पेव्हर ब्लॉककडे बोट दाखवलं. गाडलाय! डीबीत, म्हणजे मेन बोर्डाच्या पेटीत, एमसीबी (लोड वाढला की पडणारे स्विच) चकाचक, पण शॉक बसला की लाइन तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी नाही. दोन-अडीच हजारांची वस्तू. झुंबराला पैसे होते म्हणायचे.

गच्चीला पांढरा कोट मारलाय, तरी जिन्याच्या कोपऱ्यात रंगाला फुगे आलेत. नखानं दाबलं तर पापुद्रा हातात आला.

ज्ञानेश्वर माउलींची पालखी सासवडला दोन मुक्काम करते, ती जवळूनच जाते, हे एजंटनं खास सांगितलं. विमानतळ झाल्यावर भाव दुप्पट होतील हेही सांगितलं. मला घर राहायला हवंय, त्यामुळे दुसरं ऐकून सोडलं. प्रॉपर्टी कार्डावर तीन भावांची नावं आहेत, एक नाशकात असतो. तिघं सहीला येणार का, याला 'येतील की' एवढंच उत्तर मिळालं. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि बोजा तपासलेला वकिलाचा अहवाल, हातात पडल्याशिवाय टोकन देणार नाही, हे मी स्पष्ट केलं.

तरीही घर वाईट नाही. हाडं पक्की आहेत, वरचा मेकअप घाईचा आहे. वायरिंग मुळापासून ओढायचा आणि गच्चीचा खर्च धरून मी 78 सांगितले. मालकाला विचारून कळवतो म्हणाला.

घाट उतरताना ही म्हणाली, "झोपाळ्याला व्हरांड्यात साडेसहा फूट मिळतात, मी वितीनं मोजलंय. आणि वायरिंगचं काय, तुम्ही घरी रिकामेच आहात."