जुन्या मिनीत होंडाचं इंजिन बसवायचं किट: गंजासकट रिव्ह्यू

पाचपैकी साडेतीन. आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते मोकळे. बाकीच्यांनी जरा बसा, कारण उरलेले दीड स्टार कुठे गेले हे सांगायला मला किटपेक्षा पत्र्याबद्दलच जास्त बोलावं लागणार आहे.

तर वस्तू काय, क्लासिक मिनीत (1959 ते 2000 वाली खरी छोटी मिनी, नंतरची बीएमडब्ल्यूवाली नाही) होंडाचं बी सिरीज ट्विन-कॅम (दोन कॅमशाफ्टवालं) इंजिन बसवायचं किट. खोक्यात पाइपची बनवलेली पुढची सबफ्रेम (इंजिन आणि चाकं धरून ठेवणारा, शेलला बोल्टने लागणारा सांगाडा), इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग, दोन ड्राइव्हशाफ्ट (चाकं फिरवणारे दांडे), गिअर लिंकेज, एक वायरिंग लूम (वायरींचा तयार जुडगा) आणि एक पिशवीभर नट-बोल्ट. इंजिन आपलं आपण आणायचं. आम्ही बी16ए आणलं, 1595 सीसी, 160 हॉर्सपॉवरच्या आसपास. कंपनीचं नाव देत नाहीये कारण पुढे रडगाणं आहे आणि त्यातलं निम्मं आमच्याच चुकांचं आहे.

गाडी दादाने आणली. सत्तरच्या दशकाच्या शेवटची, 998 सीसी, लांबून बघितली तर एकदम गोड. दुरून डोंगर साजरे. मिनीत गंज कुठे आहे ते विचारू नका, कुठे नाही ते विचारा, उत्तर लवकर संपतं. दाराखालचे सिल, पुढच्या मडगार्डच्या मागचं ए-पॅनल, काचेखालचा स्कटल, डिकीतला बॅटरीचा खड्डा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मागची सबफ्रेम, तिथे चाकांनी उडवलेला चिखल आणि पाणी जाऊन बसतं आणि आतून खात राहतं, बाहेरून रंग मस्त असतो. सबफ्रेम बदलता येते हो, बोल्ट काढले की खाली येते, पण ती ज्या पत्र्याला अडकवलेली असते, मागच्या सीटखालचा तो उभा पत्रा, तोच सडलेला असला तर नवीन सबफ्रेम अडकवणार कशाला?

आमच्या गाडीचे सिल बाहेरून टकाटक होते. मी टोचा घेऊन जरा दाबला तर आत गेला, म्हणजे अक्षरशः मुठीपर्यंत. आधीच्या कुणीतरी सडलेल्या सिलवर नवीन पत्र्याचं कव्हर वेल्ड करून वर पुट्टी आणि रंग मारला होता. वरून कीर्तन आतून तमाशा. कापत गेलो तर एकाखाली एक तीन थर निघाले आणि मधे ओला भुगा. जुनी मिनी बघायला जाणाऱ्यांनी हे एवढं नक्की करा, सिल किती रुंद आहे ते बघा, कव्हर घातलेलं सिल मूळच्यापेक्षा रुंद असतं आणि पाणी निघायची भोकं बुजलेली असतात. विकणाऱ्याला राग आला तरी चालेल, टोचा न्या.

आता चूक सांगते कारण किटचा अर्धा स्टार तिथेच अडकलाय. मिनीला वेगळी चेसिस नसते, पत्र्याचं शेल हीच ताकद. सिल कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवे पाइप टाचून घ्यायचे असतात, नाहीतर शेल मधे बसतं. हे आम्हाला माहीत होतं, केलंही. पण फ्लोअरचा पुढचा भाग, पाय ठेवतो तिथला, तो बदलताना आम्ही जुनी पुढची सबफ्रेम आधीच काढून कोपऱ्यात टाकली होती, आणि तिचे मागचे बोल्ट नेमके त्याच पत्र्याला लागतात. ती जागेवर बोल्ट करून ठेवली असती तर तिनेच मापाचं काम केलं असतं. आम्ही टेप लावून, डोळ्याने बघून, देवाचं नाव घेऊन वेल्ड केलं.

तीन महिन्यांनी किट आलं, सबफ्रेम उचलून लावली, वरचे दोन बसले, पुढचे बसले, मागचा डावा बसला आणि उजवा बोल्ट भोकापासून पाच मिलिमीटर लांब. माझं डोकंच फिरलं. लगेच फोन लावला, चांगला आवाज चढवून, की तुमची सबफ्रेम वाकडी आहे. पलीकडच्या माणसाने शांतपणे एवढंच विचारलं, "शेलचे कर्ण मोजलेत का?"

मोजले नव्हते. मोजले. दोन कर्णांत सात मिलिमीटरचा फरक, म्हणजे वाकडं आमचं शेलच.

"अगं फोन ठेव आता," दादा म्हणाला आणि ग्राइंडर शोधायला गेला. पॅच कापून, यावेळी नवी सबफ्रेम बोल्ट करून तिच्याच मापाने परत वेल्ड केला. म्हणून सबफ्रेमवरचा आरोप मी मागे घेतला. पण अर्धा स्टार गेलाच, कारण बारा पानांच्या सूचनांमध्ये शेल सरळ आहे की नाही हे आधी मोजा असं एक ओळसुद्धा लिहिलेलं नाही, मोजायच्या जागा आणि मापं तर सोडाच. असलं किट घेणाऱ्या दहातल्या नऊ जणांची गाडी गंजकीच असणार ना, सरळ कोऱ्या शेलवर कोण कापाकापी करतंय?

बरं गंजाचं अजून थोडं. त्या दुधासारख्या पांढऱ्या रस्ट कन्व्हर्टरवर लोकांचा फार विश्वास. त्यात टॅनिक ॲसिड असतं, गंजाबरोबर मिळून काळा थर बनवतं, फॉस्फोरिक ॲसिडवाल्यात फॉस्फेटचा थर बनतो. दोन्ही छान, पण वरवरच्या गंजाला. खपल्या निघत असतील तर वरची खपली काळी होते आणि खाली धंदा चालूच. आणि दोन पत्र्यांच्या जोडात तर काही पोचतच नाही, तिथे लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि जोड फुगून उघडतो. मिनीचे जोड तर बाहेरच्या बाजूला काढलेले, वेल्ड करायला सोपं म्हणून, त्यामुळे फुगलेला जोड लगेच दिसतो, हा एकच फायदा. आम्ही जिथे खपली होती तिथे कापलंच. पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेर, 0.6 मिलिमीटरची मिग वेल्डिंगची वायर, एका वेळी एक टाका घालायचा आणि मग दुसऱ्या टोकाला जायचं, सलग ओढलं की पत्रा तापून पापडासारखा होतो. आतल्या पोकळ्यांमध्ये शेवटी पातळ मेण फवारलं, तेही रंग झाल्यावर, आधी फवारलं तर पुढचं वेल्डिंग पेटतं (विचारू नका).

आता किट. वेल्डिंग एकदम सुंदर, खरंच, एकसारखे टाके, पावडर कोटिंग जाड. ड्राइव्हशाफ्ट भारी आहेत. लूमच्या प्रत्येक वायरवर नाव छापलंय, ते ज्याने केलं त्याला सलाम. आमच्या गाडीला निगेटिव्ह अर्थ होता (म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं) म्हणून वाचलो, साठच्या दशकातल्या मिनींना पॉझिटिव्ह अर्थ असायचा, त्यांनी सगळी वायरिंग मुळापासून उलटी करायची तयारी ठेवा, नाहीतर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पहिल्याच चावीला जाईल.

नट-बोल्टच्या पिशवीवर मात्र माझा राग आहे. मिनीचे आटे यूएनएफ, इंचातले. होंडाचे मेट्रिक. पिशवीत दोन्ही एकत्र, लेबल नाही. पाच सोळांश इंच म्हणजे 7.94 मिलिमीटर, डोळ्याला एम8 (8 मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट) आणि तो सेम टू सेम, आणि एकाचा नट दुसऱ्यावर एकदोन आटे जातोसुद्धा, मग अडकतो, मग माणसाला वाटतं रंग लागलाय म्हणून आणि तो लांब पाना लावतो. आम्ही दोन बोल्टचे आटे असेच मारले. दोन डब्या वेगळ्या दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं, पाव स्टार गेला.

मोठी थाप म्हणजे "बोल्ट-ऑन, कापाकापी नाही". अहो मिनीची मूळ गंमतच ही की तिच्या डिझायनरने, अ‍ॅलेक इसिगोनिसने इंजिन आडवं टाकलं आणि गिअरबॉक्स इंजिनच्या खाली, संपमध्ये (तेलाच्या भांड्यात) बसवला, दोघांना एकच ऑइल, म्हणून तर तीन मीटरच्या गाडीत चार माणसं बसतात. होंडाचा गिअरबॉक्स इंजिनच्या शेजारी येतो, म्हणजे रुंदी वाढली. शिवाय मूळ रेडिएटर एका कडेला चाकाच्या बाजूला असतो, तो आता पुढे आणायला लागतो, आणि त्याची ब्रॅकेट किटमध्ये नाही. आतल्या दोन्ही विंग (मडगार्डच्या आतले पत्रे) कापाव्या लागल्या, पुढचं पॅनल थोडं पुढे घ्यावं लागलं. नुकताच घातलेला नवाकोरा पत्रा परत कापताना दादाचा चेहरा बघवत नव्हता. आधी सांगितलं असतं तर तो भाग वेल्डच केला नसता. अर्धा स्टार.

आणि पेट्रोल. जुन्या कार्बोरेटरला नावापुरतं प्रेशर लागतं, फ्युएल इंजेक्शनला साधारण 3 बार. पंप, पाइप, परत टाकीत येणारी लाइन, सगळं नवीन. हे सूचनांमध्ये आहे. जे नाही ते असं की मूळ टाकीत आडव्या भिंती नसतात, त्यामुळे टाकी अर्धी असताना वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. कार्बोरेटरच्या वाटीत थोडा साठा असतो म्हणून त्याला कळत नाही, इंजेक्शन मात्र लगेच मान टाकतं. पहिल्याच आठवड्यात एका लांब वळणावर इंजिन दोनदा मेलं. मग मधे पंपासाठी पेट्रोलचा साठा ठेवणारी छोटी टाकी, स्वर्ल पॉट, बसवली, आता ठीक. आणखी पाव.

ब्रेकबद्दल किटवाले एका ओळीत "योग्य ते ब्रेक लावा" म्हणतात. 1959 च्या मूळ मिनीला 34 हॉर्सपॉवर होती आणि चारही चाकांना ड्रम. आता जवळजवळ पाचपट ताकद, वजन मात्र तेच साडेसहाशे-सातशे किलो. दहा इंची चाकात मोठी डिस्क मावत नाही, 8.4 इंचाची फॅक्टरीची डिस्क हवी तर बारा इंची चाक लागतं. आम्ही तेरा इंचीवर गेलो, चार पिस्टनचे कॅलिपर, नवीन पाइप, ड्युअल सर्किट मास्टर सिलिंडर (एक लाइन गेली तरी दुसरी ब्रेक लावते). गाडी थोडी रोलर स्केटसारखी दिसते पण थांबते. इंजिन चालू व्हायच्या आधी हे करा. आणि इंजिन बदलल्याची नोंद, तपासणी, विमा हे आपापल्या ठिकाणी आधी विचारून घ्या, मी त्यात शिरत नाही.

चालवायला कशी? वेडी. साडेपाच हजार आरपीएमच्या आसपास व्हीटेकचा (होंडाची व्हॉल्व्ह जास्त उघडणारी यंत्रणा) कॅम बदलतो आणि आवाज असा बदलतो की मागे बसलेला माणूस बोलायचं थांबतो. पहिल्या दोन गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला की स्टिअरिंग हातातून ओढलं जातं, सरळ धरायला दोन्ही हात लागतात. कच्च्या रस्त्यावर स्प्रिंगऐवजी रबर कोन असलेलं सस्पेंशन आणि हे इंजिन यांचं अजिबात पटत नाही. गर्दीत गरम होत नाही, एका दमात चालू होते, सकाळी चोक ओढत बसायला लागत नाही, पावसात बंद पडत नाही (जुन्या इंजिनचा डिस्ट्रिब्युटर बरोबर ग्रिलच्या मागे असायचा, एक जोराची सर आली की संपलं). हे सगळं मला व्हीटेकपेक्षा जास्त आवडलंय खरं तर. म्हणून कुणी विचारलं तर मी होंडाचं सिंगल कॅमवालं डी सिरीज इंजिनच घे म्हणते, ताकद कमी पण भरपूर, आणि पत्र्यावरचा ताणही कमी.

गेलं काय तर ती गिअरची जुनी कुंई कुंई. दादाला तिची फार आठवण येते, म्हणून 998 चं इंजिन त्याने विकलं नाही, तेल भरून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलंय.

विक्रीनंतरची सेवा: एका ड्राइव्हशाफ्टचं रबर बूट दोन महिन्यांत फाटलं, फोटो पाठवला, दोन्ही बाजूंचे नवीन पाठवले, भांडण नाही. आधी फोनवर मी एवढी ओरडले होते तरी. याचे पूर्ण मार्क.

एक गोष्ट अजून लटकलीये. मूळ स्पीडोमीटर केबलवर चालतो, होंडाचा गिअरबॉक्स इलेक्ट्रॉनिक सिग्नल देतो, मधे कन्व्हर्टर लागतो आणि तो "लवकरच येतोय" असं खोक्यातल्या कागदावर लिहिलंय. गेली दोन वर्षं काटा शून्यावर आहे. परवा परत मेल केलाय, उत्तर आलं की अर्धा स्टार वाढवायचा की काढायचा ते बघते.