यूपीएसचा अलार्म मोबाईलवर आणायचाय: यूएसबी, नेटवर्क कार्ड की सिमवाला डबा?

यूपीएसजवळ माणूस बसलेला असेल तर बझर पुरतो. वीज गेली की थांबून थांबून टीं-टीं, बॅटरी संपत आली की तेच घाईघाईने, बिघाड असेल तर न थांबता. पण म्हापशातली पॅथॉलॉजी लॅब रात्री बंद असते, वाळपईच्या पतसंस्थेत रविवारी कुणी फिरकत नाही, आणि कळंगूटच्या हॉटेलात यूपीएस जिन्याखालच्या खोलीत कुलूप लावून ठेवलेला असतो. अशा ठिकाणी बातमी बाहेर काढायला तीन वाटा आहेत. विक्रेता त्याच्याकडे जे शिल्लक आहे ते सुचवतो, म्हणून निवड आपणच करायची.

फीचरची यादी नंतर वाचा. आधी हे बघा की जी वाट निवडाल ती वीज गेल्यावर जिवंत राहते का. ईमेल पाठवणारं कार्ड यूपीएसवर आणि वायफाय राउटर मात्र भिंतीच्या सॉकेटवर, ही चूक सर्रास दिसते. वीज जाते, कार्ड ईमेल तयार करतं, राउटर बंद. वीज आली की दोन्ही ईमेल एकदम येतात, गेल्याची आणि आल्याची. फायबरचा डबा, राउटर आणि मधला स्विच हे तिन्ही यूपीएसच्या आउटपुटवर घ्या. सगळं मिळून साधारण ३० वॅटच्या आसपास लोड, त्याने बॅकअपला फारसा फरक पडत नाही. तरीही केबलवाल्याचा वाड्यावरचा डबा त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर जितका वेळ तग धरेल तितकाच वेळ तुमचं इंटरनेट. सत्तरी तालुक्यात पावसाळ्यात झाड तारेवर पडलं की वीज तासन्‌तास येत नाही, तेव्हा हा हिशेब महत्त्वाचा ठरतो. पणजीत तितका नाही.

यूएसबी केबल आणि संगणक

सगळ्यात स्वस्त. कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर किंवा लिनक्सवर फुकट मिळणारे नट आणि एपीसीयूपीएसडी हे प्रोग्राम. यूपीएसला यूएसबीचं तोंड आहे म्हणजे त्यातून डेटा येतोच असं मात्र नाही. काही यूपीएसवर ते फक्त मोबाईल चार्जिंगसाठी असतं. एपीसी कंपनीच्या छोट्या बॅक-यूपीएसपैकी बऱ्याच मॉडेलना दहा पिनांची खास केबल लागते, नेटवर्कची साधी केबल तिथे चालत नाही.

आपल्याकडे विकले जाणारे बरेच यूपीएस संगणकाशी जुन्या मेगाटेक पद्धतीने, म्हणजे ठरलेल्या छोट्या संकेतांत, बोलतात. संगणकाने ‘क्यू१’ असं विचारलं की यूपीएस एक ओळ परत देतो:

(२३८.१ १९५.० २३८.१ ०१२ ५०.१ २७.३ ३०.० ००००१००१

क्रमाने इनपुट व्होल्ट, मागच्या बिघाडाच्या वेळचे व्होल्ट, आउटपुट, लोडची टक्केवारी, फ्रीक्वेन्सी, बॅटरी, तापमान. शेवटच्या आठ आकड्यांतला पहिला १ झाला की वीज गेली, दुसरा १ झाला की बॅटरी संपत आली, चौथा १ झाला की यूपीएसमध्येच बिघाड. सॉफ्टवेअर कितीही देखणं असलं तरी चालू स्थितीबद्दल या एका ओळीपलीकडे त्याला काही कळत नाही. त्यामुळे ‘बॅटरी हेल्थ ९४ टक्के’ असं स्क्रीनवर दिसलं तर तो आकडा सॉफ्टवेअरने अंदाजाने काढलेला असतो हे लक्षात ठेवा.

नट वापरणारे दोन ठिकाणी अडकतात. अपसमॉन या नटच्या पहारेकरी भागाच्या फाइलमध्ये नोटिफाय-कमांड (मेसेज पाठवणारी स्क्रिप्ट) लिहून ठेवतात, पण प्रत्येक घटनेच्या फ्लॅगमध्ये ‘एक्झेक’ (स्क्रिप्ट चालव) जोडायला विसरतात. मूळ सेटिंग फक्त लॉगमध्ये नोंद करतं आणि स्क्रीनवर दाखवतं, त्यामुळे स्क्रिप्ट कधी चालतच नाही. दुसरं म्हणजे अपसशेड या नटच्या टायमरवाल्या भागात ‘ऑनबॅट’वर (बॅटरीवर गेला) ६० सेकंदांचा टायमर सुरू करतात, पण ‘ऑनलाइन’वर (वीज परत आली) तो रद्द करण्याची ओळ घालत नाहीत. मग वीज पाच सेकंदांत परत आली तरी मिनिटाने ‘वीज गेली’ असा मेसेज येतो. एपीसीयूपीएसडीत हाच विलंब एका आकड्यात देता येतो. तो मुळात ६ सेकंद असतो, आणि जूनमध्ये आपल्याकडे तो फारच कमी पडतो.

विंडोजवर वेगळी डोकेदुखी. सॉफ्टवेअर सर्व्हिस म्हणून बसवलेलं नसेल तर अपडेटनंतर संगणक रीस्टार्ट होतो आणि कुणी लॉगिन करेपर्यंत अलार्म झोपलेला. पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड, म्हणजे वीज वाचवायला यूएसबी झोपवणारं सेटिंग, बंद करा. शिवाय बॅटरी कमी झाली की हाच संगणक स्वतःला शटडाउन करतो, म्हणजे नेमक्या आणीबाणीत निरोप्याच गायब. रिसेप्शनच्या पीसीऐवजी पाचेक वॅट खाणारा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक या कामाला बराच बरा.

नेटवर्क कार्ड

यूपीएसच्या मागच्या खाचेत बसतं, स्वतःचा आयपी पत्ता घेतं, संगणकाची गरज नाही. आधी यूपीएसला ती खाच आहे का बघा. एक केव्हीएच्या खालच्या मॉडेलना बहुतेकदा नसते. नामांकित कंपनीचं कार्ड काही वेळा एक केव्हीएच्या अख्ख्या यूपीएसहून महाग पडतं, हेही आधीच माहीत असलेलं बरं.

पैसे जातात ते घटनानिहाय सेटिंगसाठी. एपीसीच्या कार्डात कॉन्फिगरेशन, नोटिफिकेशन, इव्हेंट अ‍ॅक्शन्स असं आत गेलं की प्रत्येक घटनेला ईमेल किती उशिराने, किती वेळाने पुन्हा आणि किती वेळा पाठवायचा हे वेगवेगळं ठरवता येतं. तापमानाचा सेन्सर जोडता येणारं कार्ड मिळालं तर तेच घ्या. सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंश धरून सांगितलेलं असतं, आणि त्यावर दर १० अंशांना ते जवळपास निम्मं होतं. जिन्याखालच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये एसी बंद पडला तर ते तुम्हाला कळायला हवं.

ईमेल जात नाही ही सर्वाधिक येणारी तक्रार. जीमेलने मे २०२२ अखेर नुसत्या युजरनेम-पासवर्डवर बाहेरच्या उपकरणांना आत घेणं बंद केलं. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून अ‍ॅप पासवर्ड काढावा लागतो आणि पोर्ट ५८७ द्यावा लागतो. कार्डात डीएनएसचा (नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता रिकामा राहिला तर सर्व्हरचं नाव उलगडत नाही. कार्डाचं घड्याळ भारतीय वेळेसाठी साडेपाच तास पुढे केलेलं नसेल तर रात्री दोनची घटना लॉगमध्ये आदल्या संध्याकाळी साडेआठची दिसते, आणि सर्व्हिसवाल्याशी वाद होतो.

विक्रेते एसएनएमपी ट्रॅपचं, म्हणजे कार्डाने मॉनिटरिंग सर्व्हरला आपणहून पाठवलेल्या छोट्या निरोपाचं, फार कौतुक करतात. ट्रॅप यूडीपीच्या (पोच न घेणाऱ्या पद्धतीच्या) १६२ पोर्टवर सोडला जातो आणि तो पोचला की नाही हे कार्डाला कधीच कळत नाही. म्हणूनच यूपीएससाठीच्या १९९४ च्या मानकात ‘बॅटरीवर आहे’ हा ट्रॅप दर मिनिटाला पुन्हा पाठवायला सांगितलंय. वेर्ण्याच्या कारखान्यात आयटी विभाग आणि चोवीस तास चालणारा मॉनिटरिंग सर्व्हर असेल तर उत्तम. पतसंस्थेत ट्रॅप ऐकणारं कोणीच नसतं, तिथे ईमेलच बरा.

मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. ‘घरून बघायचंय’ म्हणून राउटरवर पोर्ट उघडून कार्ड थेट इंटरनेटवर टाकू नका. या कार्डांतून यूपीएस बंदही करता येतो.

ड्राय कॉन्टॅक्ट आणि सिमवाला डबा

ड्राय कॉन्टॅक्ट म्हणजे स्वतःची वीज नसलेला, अलार्मवर नुसता उघडणारा-मिटणारा स्विच. रिले कार्डाचे स्क्रू टर्मिनल, त्यांना जोडलेलं जीएसएम मोड्यूल, त्यात सिम. इंटरनेट लागत नाही, आणि ज्या गावात ब्रॉडबँड विजेबरोबरच जातं तिथे हाच मार्ग टिकतो. बातम्या मात्र तीन-चारच: वीज गेली, बॅटरी कमी, बायपास (यूपीएस बाजूला पडून लोड थेट विजेवर), बिघाड. लोड किती, किती मिनिटं शिल्लक, हे काही कळत नाही.

जोडणीत एक गोष्ट चुकवू नका. कॉन्टॅक्ट नॉर्मली क्लोज्ड बाजूने घ्या, म्हणजे सगळं ठीक असताना सर्किट जोडलेलं राहील. मग उंदराने वायर कुरतडली तरी अलार्म येतो. उलट जोडलंत तर तुटलेली वायर आणि ‘सगळं ठीक’ यांत फरक उरत नाही. मात्र यूपीएस पूर्ण बंद असताना रिले कुठल्या बाजूला पडतो हे त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघूनच ठरवा. हे कॉन्टॅक्ट कमी व्होल्टच्या डीसीसाठी असतात, त्यातून २३० व्होल्टचा भोंगा चालवायचा नाही. समुद्राजवळ, कांदोळी-कोलव्याच्या पट्ट्यात, खाऱ्या हवेने टर्मिनल हिरवे पडतात. पावसाळ्याआधी स्क्रू उघडून बघा, वायरच्या टोकाला टिन केलेली लग लावा.

सिमची कथा वेगळीच. स्वस्त मोड्यूल फक्त टूजीवर चालतात आणि जिओचं टूजी जाळं नाही, त्यामुळे ते सिम तिथे नेटवर्कच धरत नाही. फोरजीचं मोड्यूल घ्या. रिचार्ज संपला की डबा मुकाट होतो आणि ते कळवायला त्याच्याकडे दुसरी वाट नसते, तेव्हा तारीख मालकाच्या मोबाईलवर लावून ठेवा. सिमऐवजी बल्क एसएमएसची सेवा घ्यायची म्हटलं तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे संस्थेची, हेडरची (मेसेजवर दिसणाऱ्या नावाची) आणि मेसेजच्या मजकुराची डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदवहीत नोंदणी लागते. एका यूपीएससाठी एवढा खटाटोप कशाला?

मोड्यूलला स्वतःची छोटी बॅटरी हवी. यूपीएसच्या आउटपुटवरच चालवलं तर यूपीएस मेला त्याच क्षणी डबाही मेला.

आकडे काय टाकायचे

कुठलीही वाट घ्या, निकाल लागतो तो इथे. मान्सूनपूर्व गडगडाटात एका संध्याकाळी वीज पंधरा वेळा क्षणभर जाऊन येऊ शकते. प्रत्येक वेळी मेसेज आला तर आठवड्याभरात कर्मचारी तो नंबर म्यूट करतात आणि खरा अलार्म त्यातच बुडतो. ‘बॅटरीवर गेला’ याला ६० सेकंदांचा विलंब द्या. जनरेटर आणि आपोआप बदलणारं पॅनल असलेल्या हॉटेलात हाच अलार्म जास्त कामाचा: जनरेटर पंधरा-वीस सेकंदांत लोड घेतो, म्हणून मिनिटानंतर आलेल्या मेसेजचा अर्थ एकतर जनरेटर सुरू झाला नाही किंवा त्याची फ्रीक्वेन्सी यूपीएसला पसंत नाही. दुसऱ्या कारणात जनरेटर धडधडत असतो, दिवे लागलेले असतात आणि यूपीएस गुपचूप बॅटरी खात बसतो. इनपुट फ्रीक्वेन्सीची मर्यादा थोडी रुंद करा, नाहीतर जनरेटरचा गव्हर्नर (वेग सांभाळणारा भाग) बघून घ्या.

‘बॅटरी कमी’ला विलंब शून्य. अनेक यूपीएसमध्ये हा अलार्म दोन-तीन मिनिटं उरली की वाजतो, आणि पर्वरीहून पूल ओलांडून पणजीत पोचायला त्याहून जास्त वेळ लागतो. माणसाला यायला २० मिनिटं लागत असतील तर २५ मिनिटं शिल्लक असताना कळवा. यूपीएस ते करू देत नसेल तर ‘१० मिनिटं सलग बॅटरीवर’ असा वेगळा मेसेज लावा. ओव्हरलोड, बायपास, बिघाड ताबडतोब. ‘बॅटरी बदला’ फक्त ईमेलने सर्व्हिसवाल्याला, मध्यरात्री मालकाला नको.

सोळा बॅटऱ्यांच्या माळेत एक आतून तुटली असेल तर वीज जाताक्षणी यूपीएस बंद पडतो आणि कुठलाच अलार्म बाहेर पडत नाही. त्यासाठी रोज सकाळी नऊला ‘ठीक आहे’ असा एक मेसेज ठेवा, आणि तो आला नाही तर फोन कुणी करायचा ते नावानिशी ठरवा. महिन्यातून एकदा सेल्फ टेस्ट दिवसा, माणूस असताना.

आमची निवड सांगायची तर लॅबला यूएसबी आणि रास्पबेरी पाय पुरेत. हॉटेल आणि कारखान्याला कार्ड, तेही तापमान सेन्सरसकट. वाळपईला सिमवाला डबा. जोडीला कार्ड परवडलं तर ठेवा, पण भरवसा डब्यावर. बसवणाऱ्याला पैसे देण्याआधी यूपीएसचा इनपुट एमसीबी आणि इमारतीचा मेन स्विच दोन्ही पाडायला सांगा, आणि दोन मेसेज येईपर्यंत त्याला जाऊ देऊ नका: वीज गेल्याचा आणि बॅटरी कमी झाल्याचा. दुसऱ्यासाठी तासभर थांबावं लागेल. ही चाचणी चवथीआधी उरकून घ्या. सुट्टीत ऑफिस बंद असेल तेव्हा तो एसएमएसच काय ती खबर.