विरळ भांगासाठी केराटिन तंतूंची डबी

चाळिशीनंतर माझा भांग रुंदावत गेला आणि त्यातून टाळू दिसू लागली, तेव्हा केस दाट भासवणारी केराटिन या केसांतल्याच प्रथिनाच्या बारीक तंतूंची 12 ग्रॅमची डबी मी मागवली. हे तंतू बहुधा लोकरीतील केराटिनपासून बनवतात आणि स्थिर विद्युतभारामुळे ते केसांना चिकटतात. म्हणूनच केस पूर्ण कोरडे असावे लागतात, आणि जिथे केसच उरलेले नाहीत अशा गुळगुळीत टकलावर त्यांचा काही उपयोग होत नाही. भांग किंचित तिरपा पाडून डबी हलकेच झटकली आणि बोटांनी थोपटले, की भांगाची पांढरी रेघ जवळजवळ मिटते. रंग निवडताना मात्र मी फसले: मेंदीने तांबूस झालेल्या माझ्या केसांत काळे तंतू काजळासारखे उठून दिसले, त्यामुळे गडद तपकिरी डबी पुन्हा घ्यावी लागली. तेलकट केसांत त्यांचे गोळे होतात. जुलैतल्या मुंबईच्या पावसात तर छत्री असूनही कपाळावर तपकिरी ओघळ आला, जो लोकलमधील शेजारणीने रुमाल पुढे केल्यावर मला कळला. शाम्पूने सारे निघून जाते. केस वाढवण्याचा दावा वेष्टनावर नाही, हे प्रामाणिकपणाचे वाटले. लग्नकार्याला मी ती वापरते, रोज नाही.