जातपंचायत की कोर्ट?

कोर्टात तारखांवर तारखा, वर वकिलाची फी. जातपंचायत एका बैठकीत मोकळी होते, तेही आपल्याच बोलीत. लोक तिकडे वळतात यात नवल नाही. पण पंचांच्या निवाड्यावर अपील कुठे करणार? दंड भरला नाही की वाळीत: लग्नाचं आवतण बंद, मयताला खांदा द्यायला कुणी नाही. ही कसली मान्यता, ही तर धास्ती! महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कोर्ट रखडतं खरं, पण निकाल कारणांसह लेखी मिळतो, वर दाद मागता येते. माझं मत कोर्टालाच. अडचण एवढीच, की तक्रारदाराला त्याच गावात राहायचं असतं आणि साक्षीदार पंचांचेच भाऊबंद निघतात.