वॅगनआर: व्हीएक्सआय सीएनजी की झेडएक्सआय १.२?

मारुतीच्या वॅगनआरच्या या दोन्ही आवृत्त्या बरेच महिने घरात वापरात आहेत: व्हीएक्सआय सीएनजी आणि पेट्रोलवरची झेडएक्सआय. शोरूममध्ये स्क्रीन आणि सीटकव्हरवर चर्चा रंगते. ते बाहेरूनही बसवून मिळतं, इंजिन मिळत नाही.

व्हीएक्सआयमध्ये ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे. पेट्रोलवर ताकद साधारण ६५ पीएस (म्हणजे अश्वशक्ती), सीएनजीवर ५७. इंजिनात शिरणाऱ्या हवेची जागा गॅसच अडवतो, म्हणून ही घट. सपाट रस्त्याला ती जाणवतही नाही. चार माणसं, एसी चालू आणि समोर खंबाटकीचा घाट असला की मात्र दुसऱ्या गिअरवर यावंच लागतं. चढ सुरू होण्याआधीच बटण दाबून पेट्रोलवर घ्यावी. झेडएक्सआयचं ११९७ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन ९० पीएसचं, तोच चढ ते निवांत चढतं आणि थरथरही कमी.

डिकी ३४१ लिटरची, पण सीएनजीची टाकी बसली की मऊ पिशव्यांपुरतीच जागा उरते. मोठी सुटकेस मागच्या सीटवर. टाकी कागदोपत्री ६० लिटरची (हे माप पाण्याचं), प्रत्यक्षात पंपावर प्रेशर चांगलं असलं तर आठेक किलो गॅस बसतो. भरताना गॅस तापतो, त्यामुळे काटा फुल दाखवतो आणि टाकी थंड झाली की खाली येतो. ती गळती नव्हे. दुपारच्या उन्हात भरण्यापेक्षा पहाटे भरलेला बरा, रांगही छोटी असते.

गाडी सीएनजीवर झटके देते आणि पेट्रोलवर सुरळीत चालते, अशी तक्रार असेल तर आधी स्पार्क प्लग बघा. गॅस पेटवायला ठिणगी जोरकस लागते, झिजलेला प्लग तिथे कमी पडतो. मग इग्निशन कॉइल (प्लगला वीज पुरवणारी) आणि गॅसचा फिल्टर. पेट्रोलची टाकी ३२ लिटरची आहे, तिच्यात सात-आठ लिटर कायम ठेवा. गाडी सुरू पेट्रोलवरच होते, आणि टाकीतला इंधनपंप पेट्रोलमुळेच थंड राहतो.

झेडएक्सआयच्या सोयींपैकी पैसे वसूल करणारी एकच, मागचा वायपर. या गाडीची पाठ उभी, पावसाळ्यात काचेवर चिखलाचा थर बसतो. व्हीएक्सआयला वायपर नाही, फडकं जवळ ठेवावं लागतं.

रोजचं धावणं पन्नास किलोमीटरच्या वर असेल तरच सीएनजीचा जास्तीचा खर्च लवकर निघतो. जुनी सीएनजी घेणार असाल तर टाकीच्या प्लेटवरची तारीख आधी वाचा. दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने टाकीची तपासणी) लागते, ती उलटून गेली असेल तर पंपवाले गॅस भरायला नकार देतात.