प्रमाणपत्र नूतनीकरणाच्या नावाखाली फसवणूक: न्यू यॉर्कमधील ऑक्युपेशनल थेरपिस्टांसाठी

न्यू यॉर्कमध्ये काम करणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे आजार किंवा दुखापतीनंतर रुग्णाला रोजची कामे जमावीत म्हणून उपचार करणाऱ्याला, दोन वेगवेगळ्या गोष्टी सांभाळाव्या लागतात, आणि माझी फसवणूक झाली ती या दोहोंची सरमिसळ करूनच. पहिली गोष्ट म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टांना प्रमाणित करणाऱ्या एनबीसीओटी या राष्ट्रीय संस्थेचे प्रमाणपत्र. ते दर तीन वर्षांनी, ३१ मार्चपर्यंत, व्यावसायिक शिक्षणाची ३६ युनिटे दाखवून नूतन करायचे असते. दुसरी म्हणजे राज्याच्या शिक्षण विभागाकडील नोंदणी. परवाना येथे आयुष्यभरासाठी मिळतो, मात्र प्रत्यक्ष काम करण्यासाठी ही नोंदणी दर तीन वर्षांनी करावी लागते आणि त्या काळात ३६ तासांचे निरंतर शिक्षण पूर्ण करावे लागते. आकडे आणि कालावधी सारखे असले तरी तारखा वेगळ्या असतात आणि एकाचे शुल्क भरल्याने दुसरे काम होत नाही. राष्ट्रीय प्रमाणपत्राची मुदत संपली तर नावापुढे ‘ओटीआर’ हे प्रमाणित थेरपिस्टचे बिरुद लावता येत नाही. परंतु त्यामुळे न्यू यॉर्कची नोंदणी आपोआप रद्द होत नाही.

मार्च महिन्यात मला आलेल्या ईमेलमध्ये माझे पूर्ण नाव आणि राज्याच्या परवान्याचा क्रमांक अचूक होता. हा क्रमांक शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर कोणालाही नाव टाकून पाहता येतो, त्यामुळे तो कोणाजवळ असणे हा खरेपणाचा पुरावा मुळीच नाही. प्रमाणपत्र आणि राज्याची नोंदणी ‘एकत्रित’ नूतन करून देण्याची सोय त्यात देऊ केली होती, आणि त्याच रकमेत ३६ तासांच्या अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रेही मिळणार होती. मी क्रेडिट कार्डाने पैसे भरले. अर्जात सोशल सिक्युरिटी क्रमांकही (अमेरिकेतील वैयक्तिक ओळख क्रमांक) मागितलेला होता.

त्यानंतर फोन आला. बोलणारा गृहस्थ अत्यंत सभ्यपणे बोलत होता. माझे प्रमाणपत्र आधीच खंडित झाले असून त्यामुळे राज्याची नोंदणी स्थगित होणार आहे, तशी सूचना मी काम करते त्या संस्थेला आणि इमिग्रेशन खात्यालाही जाईल, आणि हे थांबवायचे असेल तर ‘पुनर्स्थापना ठेव’ त्याच दिवशी झेलवरून (बँकखात्यातून थेट पैसे पाठवण्याची सेवा) पाठवावी लागेल, असे त्याने सांगितले, आणि मी ती पाठवली. माझ्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची मुदतवाढ तेव्हा प्रलंबित होती. व्हिसासाठी लागणारे आरोग्य कर्मचाऱ्याचे प्रमाणपत्र हा तिसराच दस्तऐवज असतो, त्याची मुदत पाच वर्षांची असते आणि या नूतनीकरणाशी त्याचा संबंध नसतो. पण मुंबई-नागपूरहून शिकून आलेल्या मुलीला व्हिसाचे नाव काढताच काय वाटते, हे त्या माणसाला पुरेपूर ठाऊक होते, आणि त्या भीतीचाच त्याने वापर केला, याची चीड मला पैसे गेल्यापेक्षा अधिक आहे.

आमच्या विभागातील एका ज्येष्ठ मराठी ताईंना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी दोन्ही संकेतस्थळांचे पत्ते स्वतः टाइप करून माझ्यासमोर उघडले. राष्ट्रीय प्रमाणपत्र चालू होते, मात्र नूतनीकरणाचा कोणताही अर्ज दाखल झालेला नव्हता. राज्याची नोंदणी पुढील वर्षापर्यंत वैध होती. म्हणजे ज्या स्थगितीच्या भीतीने पैसे काढले गेले ती मुळात नव्हतीच, आणि ज्या कामासाठी कार्डाने पैसे घेतले तेही झालेले नव्हते.

यापेक्षा मोठा धोका मला मिळालेल्या अभ्यासक्रमांच्या त्या तयार प्रमाणपत्रांत होता. ज्या अभ्यासक्रमांना मी बसलेच नव्हते, त्यांवर माझे नाव आणि पूर्ण केल्याच्या तारखा छापलेल्या होत्या. एनबीसीओटी नूतनीकरण करणाऱ्यांपैकी काही जणांची कागदपत्रे तपासणीसाठी मागवते, आणि पुरावे मागण्याचा अधिकार राज्यालाही आहे. अशा वेळी हे कागद पुढे केले असते, तर खोटी माहिती दिल्याचा ठपका त्या टोळीवर नव्हे, माझ्यावर आला असता आणि परवानाच पणाला लागला असता. एरवी ही युनिटे विकत घेण्याची गरजही पडत नाही: विद्यार्थ्यांच्या फील्डवर्कवर (प्रत्यक्ष कामातील प्रशिक्षणावर) देखरेख केल्यास युनिटे मिळतात, सहकाऱ्याला मार्गदर्शन केल्यासही मिळतात, आणि चालू प्रमाणपत्र असणाऱ्यांना एनबीसीओटीची नॅव्हिगेटर ही ऑनलाइन शिक्षणाची साधने विनाशुल्क वापरता येतात. राज्याच्या तासांसाठी काय ग्राह्य आहे, याचे नियम मात्र शिक्षण विभागाचे स्वतंत्र आहेत आणि ते तेथेच वाचावेत.

कार्डाची रक्कम तक्रारीनंतर परत मिळाली. झेलने पाठवलेली रक्कम मिळाली नाही, कारण ती मी स्वतः पाठवली असल्याने व्यवहार अधिकृत ठरतो, असे बँकेने कळवले. सोशल सिक्युरिटी क्रमांक त्यांच्या हाती गेल्यामुळे इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या तिन्ही संस्थांकडे मी क्रेडिट गोठवले, म्हणजे माझ्या नावावर दुसऱ्या कोणाला कर्ज काढता येऊ नये. त्याला शुल्क लागत नाही, पण तिन्हीकडे वेगवेगळी विनंती करावी लागते. फेडरल ट्रेड कमिशनच्या आयडेंटिटीथेफ्ट डॉट गव्ह या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली, एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राकडेही नोंदवली, आणि ज्यांच्या नावाचा वापर झाला त्या दोन्ही ठिकाणी तो ईमेल जसाच्या तसा पाठवला. खरे नूतनीकरण त्यानंतर मी एनबीसीओटीच्या स्वतःच्या खात्यातून ३१ मार्चपूर्वी पूर्ण केले. ज्यांची मुदत मार्चमध्ये संपते आहे, त्यांनी ईमेलमधील दुवा न उघडता त्याच खात्यात जाऊन आपली तारीख पाहावी, आणि राज्याची तारीख शिक्षण विभागाच्या शोधपानावर वेगळी पाहावी.