मे महिन्यात फुकेत की बाली? आधी वारा बघा, मग तिकीट

परदेशातल्या समुद्राची सहल ठरवताना बहुतेक घरांत चर्चा एकाच प्रश्नावर घुटमळते: फुकेत, बाली की मालदीव? मला कुणी विचारलं तर मी आधी महिना विचारते. आपल्या सुट्ट्या ठरलेल्या आहेत: मे, दिवाळी, नाताळ. एकच किनारा या तिन्ही वेळी इतका वेगळा असतो, की नाव तेच असलं तरी जागा तीच आहे असं वाटत नाही.

आम्ही मेच्या शेवटी फुकेतला गेलो होतो, पॅकेज स्वस्त मिळालं म्हणून. पाऊस दिवसभर नव्हता, दुपारी स्वच्छ ऊनही पडायचं. पण करोनच्या लांबलचक किनाऱ्यावर ओळीने लाल झेंडे लागलेले. गुडघाभर पाण्यात गेलं तरी पायाखालची वाळू सरकत होती, लाट मागे जाताना आत खेचत होती, आणि जीवरक्षकाची शिट्टी लगेच वाजत होती. माझा नऊ वर्षांचा मुलगा पोहण्याचा गॉगल कपाळावर चढवून रोज सकाळी झेंड्यापाशी जाऊन उभा राहायचा. "आई, आज तरी बदलतील ना?" चार दिवसांत झेंडा बदलला नाही. फी फी बेटांची बोटही रद्द झाली.

कारण साधं आहे. जो नैर्ऋत्य मोसमी वारा आपल्या कोकणात येतो, तोच अंदमान समुद्रावरून फुकेत आणि त्याच्या शेजारच्या क्राबीवर आदळतो. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, तर तिकडचा समुद्र त्या दिवसांत शांत कसा असेल? मे ते ऑक्टोबर तिथे खवळलेलाच काळ. सिमिलान बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतात.

म्हणून मे महिन्यासाठी माझी पहिली पसंती बालीला. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. एप्रिल ते ऑक्टोबर तिथे ऑस्ट्रेलियाकडून कोरडा वारा येतो, हवा मोकळी असते. दुसरी पसंती श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्याला, म्हणजे त्रिंकोमालीजवळचे निलावेली आणि उप्पुवेली. श्रीलंकेचे मधले डोंगर आपल्या सह्याद्रीसारखं काम करतात: पाऊस पश्चिमेला अडतो आणि पूर्वेला समुद्र सपाट राहतो. निलावेलीसमोरच्या पिजन आयलंडवर उथळ पाण्यात प्रवाळ आणि मासे दिसतात. मुंबईहून कोलंबो जेमतेम अडीच तासांवर, पण पुढे त्रिंकोमालीपर्यंत गाडीचे सहाएक तास धरा. थायलंडच करायचं असेल तर फुकेतऐवजी थायलंडच्या आखाताच्या बाजूचं को सामुई बेट घ्या. मेमध्ये ते बरंच सुरक्षित.

नाताळात सगळं उलटं होतं. डिसेंबर ते मार्च फुकेत-क्राबी आणि मालदीव उत्तम, श्रीलंकेत पश्चिम-दक्षिणेचे बेंटोटा, उनावटुना, मिरिसा चांगले, आणि बालीत मुसळधार पाऊस. त्या दिवसांत पश्चिमेचा वारा कुटाच्या किनाऱ्यावर प्लास्टिकचे ढीग आणून टाकतो. नाताळात बालीचं स्वस्त पॅकेज दिसलं तर हे लक्षात ठेवा.

दिवाळी अधलीमधली. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे भाऊबिजेनंतर निघालात तर फुकेत सावरायला लागलेलं असेल, मालदीवही चालेल, पण सामुई आणि त्रिंकोमाली टाळा. नोव्हेंबर हा त्यांचा भर पावसाचा महिना. दिवाळी ऑक्टोबरात येते त्या वर्षी बालीचं पारडं जड.

महिना जुळला की मग विचारा, समुद्राकडून हवंय काय. मालदीवमध्ये खोलीतून उतरलं की पाणी, काचेसारखं. भरती-ओहोटीचा फरक थोडा, सभोवती प्रवाळाचं कडं, त्यामुळे कड्याच्या आतलं उथळ पाणी, म्हणजे लगून, शांत. पण तिसऱ्या दिवशी "आता काय?" असं म्हणणारी मुलं असतील तर ते लहानसं बेट तोकडं पडतं. क्राबीला चुनखडीचे कडे थेट पाण्यातून उभे राहिलेले दिसतात, रोज नवं बेट, संध्याकाळी बाजार. बालीला मात्र निव्वळ समुद्रासाठी जाऊ नका. देवळं, भातखाचरं, उबुद हे तिचं खरं धन. पोहायला सनूर किंवा नुसा दुआ घ्या, तिथे प्रवाळकडा लाट अडवतो. कुटा ते चांगूचा पट्टा लाटांवर स्वार होणाऱ्यांचा आहे, आजी-आजोबांचा आणि लहान मुलांचा नाही.

सनूर आणि क्राबीसाठी एक गोष्ट कुणी सांगत नाही: तिथी बघून जा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी खूप खाली जाते. सनूरला मग घोट्याएवढ्या पाण्यात समुद्रगवत तुडवत चालावं लागतं. क्राबीत रेले नावाच्या किनाऱ्याला रस्ताच नाही, लांब शेपटाच्या लाकडी बोटीनेच जायचं, आणि धक्का नसलेल्या ठिकाणी मांडीभर पाण्यातून चढउतार. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. नावाड्याने लोखंडी शिडी लावली, एका हाताने त्यांचा दंड धरला, तरी चढायला पाच मिनिटं लागली. सोबत ज्येष्ठ असतील तर गाडी पोहोचते अशा आओ नांगला राहा आणि भरतीची वेळ हॉटेलात विचारून निघा.

पैशांचं गणित मालदीवमध्ये सर्वांत फसवं. खोलीच्या भाड्यावर सेवाशुल्क, पर्यटन कर आणि दर रात्री दर माणशी हरित कर येतो. त्याहून मोठा खर्च विमानतळावरून बेटावर जाण्याचा. सीप्लेन फक्त उजेडात उडतं. तुमचं विमान संध्याकाळी उतरलं तर ती रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमालेत काढावी लागते, आणि रिसॉर्टची एक रात्र फुकट जाते. तिकीट काढण्याआधी ही वेळ जुळवाच. बजेट आखडतं असेल तर माफुशीसारखं स्थानिक बेट घ्या: स्पीडबोटीने तासाच्या आत, गेस्ट हाउसमध्ये मुक्काम, आणि दिवसभरासाठी एखादा रिसॉर्ट. तिथे मद्य मिळत नाही, पोहण्याचे तोकडे कपडे ठरावीक किनाऱ्यावरच चालतात, शुक्रवारी सरकारी फेरीबोट सहसा नसते. कुटुंबासोबत असाल तर मला यात अडचण वाटत नाही.

बालीत उतरताना माणशी ५ लाख रुपिया व्हिसाचे आणि दीड लाख रुपिया पर्यटन शुल्काचे. आकडे घाबरवतात, रुपयांत ते काही हजारच होतात, पण पाच जणांचे मिळून धरून ठेवा. थायलंडला मे २०२५ पासून पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. ते सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे, पैसे मागणारी संकेतस्थळं वेगळी. मालदीवचाही असाच मोफत फॉर्म आहे. व्हिसाचे नियम बदलत राहतात, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात पुन्हा बघा.

जेवणात शाकाहारी घराला त्रिंकोमाली सर्वांत सोपं: तमिळ खानावळींत डोसा, आणि शिरवाळ्यांसारखे इडियाप्पम. बालीत तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) आणि टोफू भरपूर, फक्त सांबल या तिखट चटणीमध्ये कोलंबीचं वाटण असतं, ते वगळायला सांगा. थायलंडमध्ये भाजीतही नाम प्ला, म्हणजे माशांचा खारा रस, पडतो. "जे" म्हणजे कडक शाकाहारी, हा शब्द शिका, पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो, तिथे मासेही नसतात आणि कांदा-लसूणही. मासे खाणाऱ्यांनी मालदीवला नाश्त्याला मास हुनी सोडू नये. टूना म्हणजे आपला कुपा, त्यात ओलं खोबरं, कांदा, लिंबू, आणि सोबत रोशी नावाची पोळी. कोकणातल्या माणसाला ते परकं वाटणारच नाही.

फुकेत असो की बाली, दुचाकी भाड्याने घेणार असाल तर दुचाकीचा परवाना आणि त्यावरचा आंतरराष्ट्रीय परवाना, दोन्ही हवेत. ते नसताना अपघात झाला तर प्रवास विमा सहसा पैसे देत नाही, आणि तिथल्या खासगी रुग्णालयाचं बिल मोठं असतं.

आणि मेचं फुकेत आधीच बुक झालं असेल तर रद्द करू नका, दिशा बदला. पश्चिमेचे पातोंग-करोन सोडा. बेटाच्या पूर्वेला फांग न्गाचा उपसागर आहे, फुकेत स्वतःच त्याची पाठ राखतं, त्यामुळे तिथलं पाणी शांत असतं. कड्यांखालच्या गुहांतून कायाक आत जातात. आमच्या मुलाने शेवटच्या दिवशी तिथे गॉगल एकदाचा डोळ्यांवर ओढला.